शिसवाच्या पेट्या

बाप मेला तो मेला, वर पोरीच्या गळ्यात धोंडा बांधून गेला. धोंडा परवडला, तो सोडून तरी देता येतो. सुआवेलूच्या वाट्याला आले तांबड्या शिसवाचे ओंडके, चुलीमागच्या वाळूत खोल पुरलेले. सरकारने शिसवाची तोड बंद करायच्या आधी म्हाताऱ्याने ते जंगलातून आणले होते, पोरीची सोय म्हणून. कसली डोंबलाची सोय! शिसव घरात सापडला की सरकार तुरुंगात घालतं, आणि चोरटा शिसव विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या माणसांना वास लागला की तुरुंगापर्यंत पोचायचीही पाळी येत नाही. खालच्या वाडीतला मानाना असाच आपले ओंडके गुपचूप विकायला निघाला होता. चार दिवसांनी तो नदीच्या मुखाशी सापडला, वाळूत तोंड खुपसलेला.

बापाला पोचवायला आलेल्या माणसांत रातसिम्बा होता. वर डोंगराकडचा, व्यापाऱ्याचा माणूस. रमची बाटली घेऊन आला, दोन शब्द गोड बोलला आणि मग थेट स्वयंपाकघरात शिरून टाचेने जमीन दाबून बघायला लागला.

"वाळू मऊ आहे हो इथली," तो म्हणाला. "व्हॅनिला वाळली की येतो परत. तोवर विचार करून ठेव." जाता जाता त्याने सुआवेलूच्या लेकीच्या, झिलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "गोड आहे पोर. जप तिला."

त्या दिवसापासून सुआवेलू रात्री चुलीमागे, त्या वाळूवरच झोपायला लागली. कुत्रं भुंकलं की उठून दाराला अडसर घालायची. झिली जरा अंगणाबाहेर गेली की ही हातातलं टाकून धावायची. शेवटी ती झाफीकाकाकडे गेली. झाफीकाका म्हणजे गावचा लाल काठीवाला. पूर्वजांशी बोलायचं ते त्यानेच.

"जाळून टाकू का, काका?"

"जाळ की! धुराचा वास पार समुद्रापर्यंत जाईल. आमंत्रणच दे ना त्यांना."

"नदीत बुडवते."

"पाणी उतरलं की वर येतील दात विचकत."

"मग कचेरीत जाऊन सांगते सगळं."

"मानानाही विकायच्या आधी कचेरीतच गेला होता," काका म्हणाला. "व्यापाऱ्याला बातमी तिथूनच लागली."

"मग मी करू तरी काय? पोरीला घेऊन मरू?" सुआवेलू रडायलाच लागली.

"रडू नकोस. पेट्या कर," काका म्हणाला.

आपल्याकडे मेलेल्या माणसाला फळ्यांच्या खोक्यात ठेवत नाहीत. अख्खा ओंडका मधून चिरून, कोरून त्याची पेटी करतात. जिवंतपणीच कुणी आपली पेटी करून ठेवली, काकाने रम शिंपडून तिच्यावर नाव पुकारलं, की ती त्याची झाली. मग ती दुसऱ्याने उचलायची नाही, तिच्यात पाऊलही टेकवायचं नाही. नाहीतर पेटी त्यालाच आत मागते. एवढी मोठी फादी, पूर्वजांनी घातलेली बंदी, मोडायची छाती किनाऱ्यावरच्या एकाही हमालाची नाही. आणि शिसवाचा ओंडका हमालांशिवाय हलत नाही, मग मालक कितीही मोठा असो.

मग काय, सगळं गाव वाकस-पटाशी घेऊन सुआवेलूच्या अंगणात. लपवाछपवी संपली. भर उन्हात ठकठक चालली आणि तांबड्या भुशाने सगळ्यांचे पाय माखले. म्हातारी माणसं हरखून गेली. शिसवाची पेटी म्हणजे पूर्वी राजांचं भाग्य!

"माझी जरा रुंद कर ग बाई," इयावी आजी म्हणाली. "जन्मभर अवघडून झोपले नवऱ्यापायी. आता तरी हातपाय पसरू दे."

"आजे, तुझ्या पेटीला दोन ओंडके लागतील," कुणीतरी ओरडलं. कितीतरी दिवसांनी सुआवेलू हसली.

पण म्हातारे संपले आणि एक पेटी उरली. केस पिकायच्या आत आपलं नाव पेटीवर पुकारून घेणं म्हणजे मरणाला हाक मारणं. तरणं कोण पुढे येणार?

"बिननावाची पेटी उघडी ठेवू नकोस, पोरी," काकाने बजावलं. "कुणाचं तरी नाव सांग."

"बघू काका, उद्या बघू," सुआवेलू म्हणत राहिली. उद्या काही उजाडला नाही, रातसिम्बा उजाडला.

तो दुपारच्या जेवणाच्या वेळेला आला. बरोबर खालच्या गावातले हमाल, दोर आणि दांडे. अंगणातल्या पेट्या बघून तो पोट धरून हसला. "वा! सगळं गावच मरायला टेकलंय की! चला रे, उचला."

हमाल जागचे हलेनात. त्यांचा म्होरक्या मान खाली घालून म्हणाला, "मालक, नावं पुकारलीत यांच्यावर."

"लाकूड आहे रे गाढवांनो, लाकूड!"

"तुमच्याकडे असेल."

रातसिम्बाचं हसू मावळलं. तो एकेका पेटीला लाथ मारत विचारत सुटला, ही कुणाची, ही कुणाची. म्हातारी माणसं आपापल्या पेटीमागे उभी राहिली. इयावी आजी जागची हटली नाही. शेवटच्या पेटीपाशी तो थांबला. तिच्यामागे कुणीच नव्हतं.

"आणि ही?"

हमालांनी एकमेकांकडे बघितलं. म्होरक्याने दोर खांद्यावरून काढला.

"ही न्या," रातसिम्बा हळूच म्हणाला. "एक नेऊन बघा. काही होत नाही कळलं की बाकीच्या उद्या. मग या बाईशी निवांत बोलू." त्याने झिलीकडे बघितलं.

सुआवेलू पुढे झाली. "माझी आहे ती," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा बोलावं लागलं. "माझी. काका, पुकारा."

"पोरी," झाफीकाका म्हणाला, "एकदा पुकारलं की मागे घेता येत नाही."

"पुकारा म्हणते ना!"

काकाने लाल काठी रोवली, रम शिंपडली आणि तिचं नाव पुकारलं.

"थोतांड!" रातसिम्बा ओरडला. "तिच्या मापाची तरी आहे का ती?"

तशी सुआवेलू पेटीत उतरली आणि आडवी झाली. खांदे दोन्ही बाजूंना टेकले, टाचा बरोबर टोकाला लागल्या. बेतून केल्यासारखं माप. नाकात ओल्या शिसवाचा गोड वास शिरला आणि वर आभाळाची चिंचोळी पट्टी तेवढी उरली. मेले मी, तिला वाटलं. खरंच मेले. बाहेर दोर जमिनीवर पडल्याचा आवाज आला, मग मागे सरकणाऱ्या पायांचा. रातसिम्बा शिव्या देत राहिला, पण शिव्या नदीकडे लांब लांब जात होत्या.

गेले. गेले सगळे. उठायचं होतं, पण तिचे पाय ऐकेनात.

तेवढ्यात वर झिलीचं तोंड दिसलं, हसरं. "आई, लपलीस होय? सरक ना, मी पण येते." आणि तिने पाय आत टाकला.

सुआवेलू अशी किंचाळली की कोंबड्या उधळल्या. तिने पोरीला दोन्ही हातांनी ढकलून दिलं. पोर वाळूत जाऊन आदळली आणि भोकाड पसरून रडायला लागली. सुआवेलू धडपडत बाहेर आली. तिने पोरीला छातीशी धरलं, तिच्या पायाचे तळवे पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"काका, टेकला का पाय तिचा? आत टेकला का? सांगा ना काका!"

झाफीकाका पेटीवर वाकला होता. तळाशी तांबडा भुसा होता, आणि भुशात पावलाचा एक छोटासा ठसा होता, पाचही बोटांचा.

"नाही ग पोरी," तो म्हणाला. "कुठे टेकला!" आणि त्याने तळहाताने भुसा सारखा केला.