पन्नासची रेघ

बाईंनी एकोणतीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही जगाचे पेपर तपासणं काही सोडलं नव्हतं. दुकानदाराची बेरीज, नवऱ्याच्या गोळ्या, शेजारीण सांगते ते तिचं वय, सगळ्यावर त्यांची लाल शाई फिरायची.

त्यामुळे जावयाचं गवत कापायचं मशीन मागून आणलं, तेव्हा पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं हा प्रश्न त्यांना अगदीच किरकोळ वाटला. जावई बागकामं घ्यायचा. मशीन एकच, आणि उद्या सकाळी त्याला अख्खं मैदान कापून द्यायचं होतं. मुलीने त्याला फोन लावला, तर स्वारी झाडावर, फांद्या छाटत.

"आई, ते म्हणतायत पन्नास!" मुलगी आतून ओरडली आणि कामावर निघून गेली.

तेलाबरोबर मापाचा कप होता आणि कपावर पन्नास मिलीची ठळक रेघ. लिटरभर पेट्रोलात बाईंनी रेघेला रेघ जुळवून तेल ओतलं. दहा मिनिटं मशीन चाललं, पण धूर असा की शेजारणीने खिडक्या लावून घेतल्या. मग ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं. दोरी ओढून ओढून बाईंचा खांदा भरून आला.

"जावयाच्या पोटावर पाय दिलास," यजमान पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"तुम्ही आधी चपला घाला."

एक टोक बाईंनी, एक यजमानांनी धरून वरात निघाली. वाटेत दोन गॅरेजं लागली. दोन्हीकडे बाईंचे जुने विद्यार्थी, म्हणून दोन्ही टाळली. तिसरं चांगलं मैलभर लांब, पण तिथला मिस्त्री बाहेरून आलेला. त्याच्यासमोर नापास व्हायला हरकत नव्हती.

मिस्त्रीने प्लग काढला. काळा, तेलाने थबथबलेला. "तेल किती घातलंत?"

"पन्नास."

"पन्नास काय?"

'मिली' म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांना स्वतःची चूक दिसली. पन्नासास एक! हे गुणोत्तर होतं, आणि गुणोत्तराला एकक नसतं, हे त्यांनीच हजारो पोरांकडून घोकून घेतलं होतं. पन्नास भाग पेट्रोल, एक भाग तेल. लिटरला वीस मिली. त्यांनी घातलं अडीचपट.

"मोडलं का हो?" बाईंनी विचारलं.

"छे! जास्त पडलं म्हणून वाचलात. कमी पडलं असतं तर पिस्टन आतच चिकटला असता, मग उद्या काय, महिनाभरही हललं नसतं." त्याने टाकी रिकामी केली, प्लग घासला, वीस मिली मोजून नवं मिश्रण भरलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला मशीन स्वच्छ गुरगुरलं. बाई तिथेच टायरांच्या चळतीवर बसल्या.

"आता ऊठ, मास्तरीणबाई," यजमान म्हणाले, पण पाण्याची बाटली त्यांनी स्वतःच उघडून दिली.

परत आल्या तर जावई फाटकात उभा. केसांत पानं, अंगावर भुसा, चेहरा पांढराफटक.

"आई, मशीन चालू नाही ना केलंत? मी नुसतंच पन्नास म्हणालो, मागून लक्षात आलं. किती फोन केले! तुमचा फोन आत वाजतोय."

बाईंना सहज म्हणता आलं असतं की बिघडलं होतं, आम्ही दुरुस्त करून आणलं. यजमान मजेत वाट बघत होते.

"केलं. लिटरला पन्नास मिली घातलं. चूक माझी, विचारायला हवं होतं."

"पन्नास मिली? म्हणजे जास्तच पडलं ना? कमी नाही?"

"जास्त."

जावयाने एवढा मोठा श्वास सोडला की यजमान हसायलाच लागले. "मला वाटलं, पन्नास थेंब!" तो म्हणाला आणि फाटकाला टेकून खाली बसला. "आई, जरा चहा टाका हो. झाडावरून कसा उतरलो ते आठवत नाही मला."