पोका नावाची शाखा

"हे मशीन आहे की खुडूक कोंबडी? मघापासून नुसतं कुरकुरतंय," कालिना माझ्या कानाशी पुटपुटली.

"हळू. मेतोदीकाका ऐकतील."

काकांच्या कोठीत, मिरच्यांच्या चटणीच्या बरण्यांमध्ये आम्ही दोघी दाटीवाटीने बसलो होतो. बल्गेरियातल्या रुसे शहरातल्या आमच्या छोट्या कंपनीचा सर्व्हर पहिल्यापासून इथेच, काकांच्या देखरेखीखाली. द्राक्षमळ्यांसाठीच्या प्रोग्रामचा सगळा कोड, कोणी कधी काय बदललं त्या इतिहासासकट, याच्याच पोटात. तो आता एका ऑनलाइन सेवेवर हलवायचा होता. काकांना आम्ही आधी ओलीचं कारण सांगितलं, मग वीजबिलाचं. खरं कारण कोणाच्याच तोंडून निघत नव्हतं.

सगळं एकदम न्यायला गेलं की मशीन मध्येच मान टाकायचं, म्हणून कोडची एकेक शाखा, म्हणजे एकेका कामाची वेगळी आवृत्ती, तिचं नाव घालून उचलत होतो. शेवटची राहिली 'पोका'. कालिनाचं उन्हाळाभराचं काम. तिच्या लॅपटॉपवर कॉफी सांडल्यापासून दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तिने नाव टाइप केलं. उत्तर आलं, अशी शाखा नाही. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

"नाही कशी? समोर दिसतेय ना!" तिने पडद्यावरच्या यादीतल्या नावावर बोट ठेवलं.

काका दारात आले. "काय गं, माझ्या म्हातारीने काय केलं?"

"पोका सापडत नाही, काका."

"कसली पोका?"

"ही काय! तुम्हीच तर काढून दिली होती मला."

काकांनी चष्मा वर केला. "अगं, रोसा आहे ते! दव! उन्हाळाभर दवाचं गणित मांडलंस आणि दव ओळखू येईना?"

"म्हणजे तुम्ही आपल्या अक्षरांत लिहिलंत?"

"मग काय, बल्गेरियन दव लॅटिनमध्ये पाडू?"

आमच्या सिरिलिक लिपीतली 'रोसा' (роса) आणि लॅटिन, म्हणजे इंग्रजी अक्षरांतली 'पोका' (poca) दिसायला हुबेहूब. मशीनच्या लेखी मात्र दोन वेगळी नावं. कालिनाने कीबोर्ड बदलून तेच नाव पुन्हा घातलं. मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. गेली! नव्या जागी उघडून पाहिलं, तर सगळं जागच्या जागी.

"काका, तुमचा एक मुका घेऊ?" कालिना म्हणाली.

"आधी दाढी करू दे."

हसून झालं. मशीन अजून घरघरतच होतं. आता ते बंद करू का, हे विचारायचं होतं. मी चाचरत म्हटलं, "कसंय काका, इथे ओल फार..."

"पुरे ती ओल," काका खाली बसत म्हणाले. "भरवसा उरला नाही या मशीनचा, हे सरळ बोला की! अगं, मलाच उरला नाही. आभाळ गडगडलं की मी आधी इथे धावत येतो. न्या एकदाचं. सुटलो."