शनिवारचे सर

"सर कुठे भेटतील?" बाईंनी दारातूनच विचारलं.

मी टेबलाखाली वाकून घरंगळत गेलेला स्क्रूगेज शोधत होतो. "कोणते सर? इथे तिघं आहेत," मी खालूनच म्हणालो.

"शनिवारी असतात ते. चुंबकाच्या चाकाचं बघतात ते."

मी टेबलाखाली गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ थांबलो. पण माणूस टेबलाखाली किती वेळ राहणार? शेवटी उठलो, गुडघे झटकले आणि म्हणालो, "मीच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. खाकी शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर पुसायचं फडकं. तेवढ्यात मागून एक मुलगी ओरडली, "मामा, आमच्या व्होल्टमीटरचा काटा हलत नाहीये!"

"आलो गं," मी म्हणालो.

बाईंना कळायचं ते कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. त्या फक्त थकल्यासारख्या दिसल्या. "मी त्यांची बायको," त्या म्हणाल्या. "मोटर वाइंडिंगवाल्यांची."

या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं आहे. वायरी सोडवणं, भिंगं पुसणं, काटे शून्यावर आणणं, हे माझं काम. पोरापोरींपासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळे मला मामा म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी वाइंडिंगवाले पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेलं एक चाक होतं. सायकलची ॲल्युमिनियमची रिम, तिच्या कडेला जुन्या स्पीकरमधून काढलेली तिरकी चुंबकं, आणि बाहेर लाकडी कमानीवर आणखी चुंबकं. लोखंड जवळ नको म्हणून सगळे स्क्रू पितळी. काम असं सुबक की नजर हटेना. वीज नको, तेल नको, एकदा धक्का दिला की हे चाक जन्मभर फिरत राहील, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी आत जाऊन आमच्या खऱ्या सरांना सांगितलं. ते पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "मामा, हे कधीही चालणार नाही. चुंबक जवळ येताना जेवढं ओढतं, तेवढंच लांब जाताना मागे खेचतं. हिशेब शून्य. वर घर्षण आहेच. सांगून टाका त्यांना, उगाच आयुष्य घालवतील."

सांगून टाकायलाच मी बाहेर आलो होतो, शपथेवर सांगतो. पण मला पाहताच वाइंडिंगवाले स्टुलावरून उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "सर, आपण बघितलंत तर फार बरं होईल."

सर! मला तोपर्यंत कोणी सर म्हटलं नव्हतं. घरीसुद्धा 'अहो'च्या पुढे मजल गेलेली नाही. मी चाकाला बोटाने धक्का दिला. सात फेऱ्या झाल्या आणि ते एका जागी गचकन थांबलं. मी हनुवटी खाजवली, खरे सर खाजवतात तशी, आणि म्हणालो, "बेअरिंग बदलून बघा. घर्षण खातंय."

झालं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी, खरे सर घरी गेले की ते चाक घेऊन यायचे. मी इस्त्रीचा शर्ट घालायचो. बायको विचारायची, "आज कुठे स्वारी? मुलगी बघायला?" मी त्यांच्यासाठी पुस्तकं चाळू लागलो. बी.एस्सी.च्या पुस्तकातलं मला निम्मंच कळायचं, पण एवढं नक्की कळलं की खरे सर खरं बोलले होते. तरी मी दर वेळी काहीतरी नवं काढायचो. चुंबकाचा कोन बदला. रिमऐवजी ॲल्युमिनियमची तबकडी करा. कमान दोन मिलिमीटर मागे घ्या. आणि निघताना हमखास म्हणायचो, "आता थोडंच राहिलंय."

फेऱ्या वाढतही होत्या. सातच्या एकोणीस झाल्या, एकोणीसच्या बेचाळीस. ते हरखून जायचे. खरं म्हणजे धक्का दिलेलं कुठलंही चाक चांगल्या बेअरिंगवर जास्त वेळ फिरतं. सगळी चुंबकं काढून टाकली असती तर ते आणखी फिरलं असतं. हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

"त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे," बाई म्हणाल्या. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. "बाजूचं दिसेनासं झालंय. दाराच्या चौकटीला खांदा आपटतात. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा, गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली वाचेल. हे ऐकत नाहीत. ऑपरेशननंतर दीड महिना वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही. म्हणतात, आता थोडंच राहिलंय, सरांनी सांगितलंय, चाक झालं की करू."

"वहिनी, मी..."

"तुम्ही कोण आहात ते मी बघितलं. माझं काही म्हणणं नाही. ते पोराचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. उद्या घरी या. इस्त्रीचा शर्ट घालून या. सर म्हणूनच या आणि सांगा की हे चालायचं नाही, ऑपरेशन करून घ्या. बाकी काही बोलू नका. एवढंच करा माझ्यासाठी."

"येतो," मी म्हणालो.

रात्रभर मनात घोकत राहिलो. आधी चुंबकं काढायची, चाक फिरवून दाखवायचं, त्यांनाच फेऱ्या मोजायला लावायच्या. हातच्या कामाचा माणूस, डोळ्यांपेक्षा मोजणीवर विश्वास ठेवील.

त्यांचं घर मोटरींना तार गुंडाळायच्या त्यांच्या दुकानाच्या मागेच होतं. खोलीत तांब्याच्या तारेची रिळं भिंतीला ओळीने लावलेली आणि मधोमध टेबलावर चाक. वाइंडिंगवाले मला बघून धडपडत उठले, त्यात टेबलाचा कोपरा त्यांच्या मांडीला लागला. "सर! तुम्ही माझ्या घरी! अगं, खुर्ची दे सरांना. चांगली दे, ती डुगडुगणारी नको."

वहिनींनी खुर्ची पुढे केली आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं.

मला तेव्हा फक्त बसायचं होतं आणि ठरलेलं बोलायचं होतं. पण त्या माणसाने स्वतःच्या रुमालाने माझी खुर्ची पुसली. पुसताना त्यांचा हात खुर्चीच्या कडेच्या बाहेर हवेत फिरला. ते बघून मला आणखी एक क्षणही सर म्हणून राहवेना.

"मला बसायला सांगू नका," मी म्हणालो. "मी सर नाही. मी लॅबमध्ये शिपाई आहे. वायरी सोडवतो, टेबलं पुसतो. मला मामा म्हणतात."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"मस्करी करता काय सर?"

"नाही. नऊ वर्षं खोटं बोललो. हे चाक कधीच चालणार नाही. चुंबक जेवढं देतं तेवढंच परत घेतं. पहिल्याच दिवशी मोठ्या सरांनी सांगितलं होतं, मी तुमच्यापर्यंत पोचवलं नाही. माफ करा मला. हे सोडा आणि आधी डोळ्यांचं बघा. थांबा, मी चुंबकं काढून दाखवतो, म्हणजे पटेल तुम्हाला." मी चाकाकडे हात नेला.

"हात लावू नका," वाइंडिंगवाले म्हणाले. आवाज चढवला नाही. कारखान्यात नवख्या माणसाला मशिनपासून लांब ठेवतात, तसे म्हणाले. मग सावकाश खाली बसले. मला हलकं वाटत होतं, तेही कबूल करतो. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. मला रडू येईल असं वाटलं, आणि ते मला क्षमा करतील असंही वाटलं.

"म्हणजे तुम्ही शिकलेले नाही?" त्यांनी विचारलं.

"दहावी."

"मी आठवी. मग हे चालणार नाही, हे तुम्हाला काय माहीत?"

"मोठे सर म्हणाले होते..."

"त्यांनी बघितलं होतं का चाक?"

सरांनी मानसुद्धा वर केली नव्हती.

"आणि कोन बदला, तबकडी करा, कमान मागे घ्या, हे सगळं?"

"मनाचं सांगत होतो."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढली आणि नाकाला लागेल इतकी जवळ धरली. पानापानावर तारीख होती, आणि तारखेखाली 'सरांची सूचना'. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. नऊ वर्षांत तसा उजळलेला मी पाहिला नव्हता, अगदी बेचाळीस फेऱ्या झाल्या तेव्हाही नाही.

"तरीच!" ते म्हणाले. "तरीच फिरत नव्हतं! अगं ऐकलंस का? पहिल्या महिन्यापासूनच सगळं चुकीचं सांगितलेलं होतं. माझा मूळचा कोन बरोबर होता!"

"अहो, दवाखान्याचं..." वहिनी म्हणाल्या.

"होईल गं. आता नव्याने मांडायला हवं. सहा महिने. फार तर वर्ष. पेन दे."

"ऐका माझं," मी म्हणालो, "मी हात जोडतो तुमच्यापुढे."

"तुम्ही कशाला हात जोडता? खरं सांगितलंत, उपकार झाले," ते मनापासून म्हणाले. "पण यापुढे मात्र यात पडू नका. तुमचा विषय नाही हा."

दुसरं काय म्हणणार होते? कालपर्यंत माझ्या एका शब्दावर त्यांनी चाक मोडून पुन्हा केलं असतं. तो शब्द वापरायला त्यांच्या बायकोने मला बोलावलं होतं, आणि मी तो आधीच पुसून टाकला होता. त्यांचे डोळे वाचवायला आलो होतो आणि स्वतःचं मन मोकळं करून बसलो. वहिनींना काही सांगावं म्हणून मी वळलो, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

वाइंडिंगवाल्यांनी वही टेबलावर ठेवली, मान तिरकी करून ओळ शोधली आणि माझी पहिली सूचना खोडली. मग दुसरी. रेघ सरळ होती, हात अजून कसबी होता, फक्त कागद कुठे संपतो ते त्यांना दिसत नव्हतं. पेन कडेवरून उतरून टेबलावर चालत राहिलं. वहिनींनी वहीखाली जुनं वर्तमानपत्र सरकवलं.