शेपटीचा रंग

मित्रांनो, दूरचे पाखरू आठपट जवळ आणून दाखवणारी मी शेषगिरीरावांची दुर्बीण. हाताळून हाताळून माझा काळा रंग उडाला आहे आणि खालचे पितळ दिसू लागले आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

मला जपानमधल्या एका कारखान्यात घडवले. जहाजावर काम करणाऱ्या, शेषगिरीरावांच्या भावाने मला चेन्नईला आणले. शेषगिरीराव तंजावरच्या मराठी घरातले, चेन्नईच्याच गिंडी भागातल्या एका छोट्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. आठवडाभर यंत्रांची चित्रे काढायची आणि रविवारी मला गळ्यात अडकवून निघायचे, हा त्यांचा नेम. शिंजीर त्यांना फार आवडे. तमिळमध्ये तेन्चिट्टू म्हणतात, तोच हा अंगठ्याएवढा, बाकदार चोचीने मध पिणारा पक्षी. चोचीचा बाक, शेपटीची लांबी, बसण्याची ढब, एवढ्यावरून ते तो अचूक ओळखत. तशी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

मग त्यांची पत्नी वारली. मी दोन वर्षे कपाटात पडून राहिले. चेन्नईच्या दमट हवेने माझ्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. शेवटी मला बाहेर काढले ते त्यांच्या मुलीने, श्रीरंजनीने. ती चेन्नईजवळ सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

"अप्पा, एप्रिलात सिक्कीमला जायचं. पक्षी बघणाऱ्यांच्या गटात मी आपली दोघांची नावं दिलीत."

तीन दिवस खपून शेषगिरीरावांनी माझा एकेक स्क्रू सोडवला, भिंगे पुसली आणि मला पुन्हा जोडले.

सिक्कीमचे ते डोंगर फुलांनी लाल झाले होते. तिसऱ्या सकाळी एका उंच फांदीवर काहीतरी हलले. क्षणभरच, आणि पानांआड गेले. बाकीच्यांनी दुर्बिणी उचलेपर्यंत संपलेच.

"लाल शेपटीचा शिंजीर!" शेषगिरीराव म्हणाले.

गटाचा प्रमुख विजयेंद्र वही घेऊन पुढे आला. "सर, इथे हिरव्या शेपटीचाही असतो. लाल रंग तुम्ही स्वतः पाहिलात ना?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. नुसते 'हो' म्हटले असते तरी भागले असते.

"नाही," ते म्हणाले. "शेपटी धडापेक्षा लांब होती, त्यावरून सांगितलं. लाल आणि हिरवा मला सारखेच दिसतात. जन्मापासून."

मित्रांनो, हे मलाही ठाऊक नव्हते! मी तर इतकी वर्षे त्यांना सगळे रंग दाखवत आले होते.

श्रीरंजनी त्यांच्याकडे बघतच राहिली. "लहानपणी तुम्ही मला सारखं विचारायचात, 'सांग बघू, याचा रंग कोणता?' मला वाटायचं, माझी परीक्षा घेताय!"

"परीक्षा कसली, अम्मा?" लेकीला ते लाडाने अशीच हाक मारत. "मला कळत नव्हतं, म्हणून विचारायचो."

तेवढ्यात तो पक्षी पुन्हा आला आणि उन्हात, फुलाच्या तोंडाशी बसला. शेषगिरीरावांनी मला गळ्यातून काढून तिच्या हातात दिले.

"लालच आहे, अप्पा!" ती म्हणाली. "मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत लालभडक. डोकं निळं, चकाकतंय. पोट पिवळं, छातीवर केशरी डाग. निखारा फांदीवर येऊन बसावा तसा दिसतोय."

ते मान हलवत ऐकत होते. मग हात पुढे करून म्हणाले, "आता दे इकडे. तो मध कसा पितो ते मी तुला सांगतो."

विजयेंद्रने वहीत नोंद केली आणि पाहणाऱ्याच्या रकान्यात दोन नावे लिहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला कोरड्या डब्यात ठेवा, मऊ कापडाने पुसा. पण नुसती ठेवून देऊ नका. बाहेर न्या, डोळे भरून पाहा, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "तुला काय दिसतंय?"