भिंतीतली आंधळी खिडकी

वर्षातून एक दिवस हॅलमबाई आपलं जुनं दगडी घर गावाला बघायला उघडं ठेवत. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी शिकवायची हौस गेली नव्हती. गल्लीकडच्या भिंतीपाशी पोरं जमली, की त्या वरच्या मजल्यावरच्या, दगडांनी बुजलेल्या खिडकीकडे काठी रोखत.

"ती कुणी बुजवली?"

"कंजूष ग्रिमवुडनं! तेव्हा खिडक्या मोजून कर घेत म्हणून!"

पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेलं उत्तर. हे घर ग्रिमवुडांनीच बांधलेलं, पण ते कधीच त्यांच्या हातचं गेलं होतं; त्यांच्यातला वॉल्टर आता समोरच हातोड्या-बिजागऱ्यांचं दुकान चालवायचा.

यंदा घोळक्यात त्याची नात टॅम्झिनही होती. बाकीची पोरं हसली, ती हसली नाही. वरच्या खोलीत गेल्यावर म्हणाली, "बाई, ती खिडकी इथंच येते ना?"

"हो गं."

"इथं तर भिंतीत शेकोटी आहे, धुराडं इथूनच वर जातं. खिडकी असती तर धूर कुठून जायचा?"

"शेकोटी मागाहून केली असेल," बाई घाईनं म्हणाल्या. पण शेकोटीच्या कमानीवर घर बांधल्याचं साल कोरलेलं होतं. ते त्या रोज पुसत.

त्या खाली आल्या आणि भिंतीकडे नीट पाहू लागल्या. दगडांचे थर खिडकीतून सरळ पलीकडे गेले होते. मागाहून बुजवली असती, तर कडेला जुन्या-नव्या दगडांमधला उभा सांधा दिसला असता. भिंत उघडीबोडकी दिसू नये म्हणून गवंड्यानं पहिल्यापासूनच खिडकीचा नुसता आकार काढला होता. असे सांधे बघायला पोरांना बाईंनीच शिकवलं होतं.

पुढचा घोळका येऊन थांबला. गोष्ट गुपचूप गाळता आली असती. पण बाईंनी हाक मारली, "वॉल्टर, जरा ये रे."

"चहा फुकट असेल तर येतो. कंजूष ना मी!"

लोक हसले. बाईंना हसू आलं नाही.

"ही खिडकी कुणीच बुजवली नाही," त्या म्हणाल्या. "ती कधी खिडकी नव्हतीच. मी न बघता शिकवत आले."

"गोष्ट मजेची होती पण, बाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच बघितलं नाही."

वॉल्टर भिंतीकडे बघत राहिला. "माझा पोरगाही तुमच्याच वर्गात होता," तो हळूच म्हणाला. "दुकान नको म्हणाला. पाटीवर ग्रिमवुड आहे ना."

टॅम्झिन आजोबांना दगडांचे सरळ थर दाखवायला टाचा उंचावत होती, तरी हात पुरत नव्हता. बाईंनी आपली काठी तिच्या हातात दिली आणि त्या पोरांमागे जाऊन उभ्या राहिल्या.