साखरेच्या डब्यावरची पट्टी

मी साखरेच्या डब्यावर चिकटलेली पुठ्ठ्याची पट्टी बोलतेय. माझ्यावर वर मराठीत लिहिलंय 'आज्ञा पाळणे', आणि खाली त्याचं स्पॅनिश, 'ओबेदेसेर'. सांगितलेलं करायचं, एवढाच माझा अर्थ.

कुरुळीतल्या या एका खोलीत माझा जन्म झाला. नागसेन चाकणला कंपनीत फिटर. नवीन मशीन शिकायला कंपनी त्याला सहा महिने स्पेनला पाठवणार होती. तिथली भाषा तोंडात बसावी म्हणून त्याच्या बायकोनं, भाग्यश्रीनं, खोक्याचा पुठ्ठा कापून पट्ट्या केल्या. दाराला दाराची, माठाला पाण्याची. शिफ्टवरून आला की जेवता जेवता तो एकेकीकडे बोट करून मोठ्यानं वाचायचा.

मला चिकटवायला मात्र वस्तूच सापडेना.

"साखरेच्या डब्याला लाव," नागसेन म्हणाला. "साखर दिल्याशिवाय आपली पिंकी कुठं ऐकती कुणाचं?"

घरमालकीण गिरजाबाई दारातूनच हसल्या. "आन् तू रं? तुला तर कंपनीनं नुस्ती हाक मारली तरी पळतूस!"

तो गेला. वाफेनं बाकीच्या पट्ट्या गळून पडल्या. मी टिकले, कारण चहा करताना भाग्यश्री रोज माझी सुटलेली कड अंगठ्यानं दाबते. फोन वाजला नाही तरी उचलून बघते. पिंकी नुसती शिंकली तरी तिचा जीव घाबरा होतो.

पुढच्या महिन्यात तो यायचा होता. काल व्हिडिओ कॉल आला.

"साहेब म्हणाले, अजून सहा महिने थांब. मी हो म्हणालो."

"अहो, मला विचारायचं तरी."

"ते विचारत नाहीत गं. सांगतात."

तेवढ्यात पिंकीनं डबा उघडला. तिला अजून वाचता येत नाही. पप्पा माझ्याकडे बोट करून म्हणायचे ते साखरेचंच नाव, असं तिला वाटतं. मूठभर साखर मोबाईलसमोर धरून ती म्हणाली, "पप्पा, तिकडं ओबेदेसेर मिळत नाही ना? हे घे. आता माझं ऐक. घरी ये."

नागसेननं मान खाली घातली. काचेवर चार दाणे चिकटले होते, ते भाग्यश्रीनं पुसले नाहीत.

माझी शाई आता फिकी झालीय, कोपऱ्याला मुंग्या लागल्यात. नागसेन, तू येशील तेव्हा मी असेन-नसेन. पण कुणाचं तरी ऐकायचंच आहे ना तुला? मग पिंकीचं ऐक. साखर तिनं आधीच दिलीय.