पहिल्या पंक्तीतलं प्रायश्चित्त

कसब्यातल्या त्या आळीत गोपाळकृष्णबुवांचं कीर्तन असलं की बायकांच्या बाजूचा पहिला खांब मथुराबाईंचा. तिथे दुसरी कुणी टेकलेली दिसली तर मथुराबाई काही बोलत नसत, नुसत्या समोर उभ्या राहत, आणि टेकलेली आपोआप सरके.

बुवांचा पूर्वरंग लोक जांभया देत ऐकत. सगळे थांबलेले असत ते उत्तररंगासाठी. बुवा सुरुवात ध्रुवाच्या नाहीतर प्रल्हादाच्या कथेने करत, पण थोड्याच वेळात ध्रुव बिचारा बाजूला राही आणि पुण्याची खरडपट्टी सुरू होई. संगमावर टोपीकर इंग्रजांचा वकील येऊन बसला, त्याला आपणच जागा दिली, उद्या तोच आपल्याला उठवील. सरदारांच्या दिवाणखान्यात काचेची झुंबरं आली आणि देवघरातलं निरांजन विझलं. पोरांना शेंडीची लाज वाटते आणि घड्याळाची साखळी मिरवावीशी वाटते. "तलवार म्यानात गंजतेय, आणि आमचे शूर वीर जेवणाच्या चौरंगावर सुऱ्या चालवतायत!" असं म्हणून बुवा झांज थांबवत, आणि सभामंडप हसून फुटे.

आणि बुवांचं खोटं काय होतं? मथुराबाईंना अक्षरओळख बेताची, पण डोळे होते. त्यांच्या लहानपणी फौज स्वारीवर निघाली की आळीतल्या बायका ओवाळायला दारात येत. आता सरदार स्वारीवर निघायच्या आधी टोपीकराच्या वकिलाकडे जाऊन बसत, आणि मग स्वारी निघेच असं नाही. हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. मथुराबाईंचे यजमान सरकारी दप्तरात कारकून होते आणि घरीही कारकुनासारखेच राहत, सांगितलेलं करत. बोलणारे एकटे बुवा. बुवा बोलू लागले की मथुराबाईंना वाटे, आपल्याच पोटातलं कुणीतरी मोठ्या आवाजात सांगतंय. म्हणून कीर्तन संपल्यावर बुवांना केशर घातलेलं दूध जाई ते मथुराबाईंच्या घरून, आणि त्यात मथुराबाई पाण्याचा थेंब पडू देत नसत.

त्यांची एकुलती एक लेक, चिमा, आळीच्याच दुसऱ्या टोकाला अनंतशास्त्री वैद्यांना दिलेली होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. मथुराबाईंनी डिंक, आळीव, बाळंतशेपा असं सगळं आणून ठेवलं होतं, आणि माजघराशेजारची खोली सारवून तिथे बाजही टाकून ठेवली होती.

एका दुपारी चिमा आली ती हसतच.

"आई, गंमत सांगू? टोपीकरांचा वैद्यच तापाने पडला. त्यांचा माणूस पालखी घेऊन ह्यांना बोलवायला आला होता. रात्रभर तिथेच होते हे."

"तिथे काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"खातील कशाला? पहाटे डोळे मिटायला लागले, तेव्हा एक पेला चहा घेतला म्हणे. कडू लागला. काढ्यासारखा."

मथुराबाईंच्या हातातलं सूप थांबलं. त्या लेकीला काही बोलल्या नाहीत. पोटुशी पोर, तिला काय बोलायचं. पण जावयाला कुणीतरी समज द्यायला हवी होती. सासूने जावयाला बोलणं शोभत नाही आणि सासऱ्याला बोलणं येत नाही. म्हणून संध्याकाळी दुधाचा पेला पुढे करताना त्या बुवांना हळूच म्हणाल्या, "बुवा, आमच्या जावईबुवांना जरा बाजूला घेऊन दोन शब्द सांगाल का?" आणि चहाची हकीकत सांगितली.

बुवांनी छातीवर हात ठेवला. "मथुराबाई, आपली लेक ती आमची लेक. माझ्या पोटातून हे ओठांवर यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते ओठांवर आलं, आणि झांजेच्या तालावर आलं. नाव नाही घेतलं. घ्यायची गरजच नव्हती. पालखीतून संगमावर जाणारा वैद्य त्या आळीत दुसरा कोण होता? "औषध द्यायला गेला आणि विष पिऊन आला," बुवा म्हणाले, आणि मंडपातली माणसं माना वळवून बायकांच्या बाजूला बघू लागली. मथुराबाई खांबाला टेकून ताठ बसून राहिल्या. त्यांनी मनाची समजूत घातली. बुवांना कानात सांगता आलं असतं. पण धर्माची गोष्ट कानात का सांगावी? आज जावयाला झाकलं, तर उद्या कुणाला झाकायचं नाही?

आठवड्याच्या आत अनंतशास्त्र्यांवर ग्रामण्य आलं. आळीने त्या घराशी पंगत तोडली, पाणी तोडलं. कात्रजचं पाणी ज्या हौदात येई तिथे चिमाने कळशी बुडवायची नाही. पोट पुढे आलेली पोर नदीवरून पाणी आणू लागली. मथुराबाई जिन्याच्या खिडकीतून बघत. प्रायश्चित्त घ्या म्हणून जावयाला निरोप गेला, तर त्यांनी उलट निरोप धाडला, "आजारी माणसाजवळ जागलो, याचं प्रायश्चित्त कुठल्या ग्रंथात आहे ते दाखवा, लगेच घेतो." अशा माणसापुढे काय बोलायचं? मथुराबाईंनी लेकीला कळवलं, तुझ्या घरचं हे मिटेपर्यंत बाळंतपणाला इकडे येऊ नकोस. बाजेवरचं अंथरूण गुंडाळलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि उपास आहे असं यजमानांना सांगितलं.

मग बुवांच्या नातवाची मुंज ठरली. आळीत अक्षत द्यायचा मान मथुराबाईंचा, वडीलधारी सवाष्ण म्हणून. पुढे सनई, मागे त्या, हातात कुंकू लावलेल्या तांदळांची वाटी. घर आलं की वाजंत्री थांबत, मथुराबाई उंबऱ्याशी अक्षत ठेवून म्हणत, "बुवांच्या नातवाची मुंज, सगळ्यांनी जेवायला यायचं." ज्या घरी अक्षत नाही, ते घर मेल्यात जमा.

चिमाच्या दारापुढे सडा घातलेला होता. रांगोळी काढलेली होती. चिमा हात पुसत दारात उभी होती, आणि तोंडावर इतकी आशा होती की मथुराबाईंनी नजर सनईवाल्याच्या पागोट्यावर नेली. सनईवाला सवयीने थांबला.

"थांबलास का?" मथुराबाई म्हणाल्या. "पुढे चल."

"पण बाई, हे घर..."

"पुढे चल म्हटलं ना."

चिमाने दार लावलं नाही. सगळी मिरवणूक पुढे जाईपर्यंत ती तशीच उभी होती. मथुराबाईंनी मागे वळून पाहिलं नाही, आणि धर्मासाठी आपण केवढं केलं या विचारावर पुढच्या घरापर्यंत चालत गेल्या.

मुंजीच्या दिवशी बुवांच्या घरी पंक्तीवर पंक्ती उठत होत्या. स्वयंपाकघराची मुखत्यारी मथुराबाईंकडे. साखरभात उतरवून त्या वाढणाऱ्यांना काही सांगायला दाराशी आल्या आणि पहिल्या पंक्तीकडे त्यांचं लक्ष गेलं.

चांदीच्या ताटावर, पाटाभोवती रांगोळी, समया दोन्ही बाजूंना, असे आप्पासाहेब बसले होते. आप्पासाहेब म्हणजे पाच-सहाशे स्वारांचे सरदार. महिन्यापूर्वीच त्यांनी आपल्या बागेत टोपीकरांना मेजवानी दिली होती, उंच चौरंगाभोवती खुर्च्या मांडून त्यांच्याबरोबर स्वतः जेवले होते, नाच पहाटेपर्यंत चालला होता. पुण्यातल्या पाणक्यांनाही ते ठाऊक होतं. आणि आज त्यांच्या भातावर तूप वाढत होते खुद्द बुवा, कमरेत वाकून.

मथुराबाईंनी बुवांना कोठीच्या दाराशी बोलावून घेतलं.

"बुवा, पहिल्या पाटावर कोण बसलंय?"

"आप्पासाहेब. ओळखलं नाहीत?"

"ओळखलं म्हणूनच विचारतेय. ते टोपीकरांच्या पंक्तीला बसले होते."

"हळू बोला." बुवांनी मागे पाहिलं. "त्यांनी प्रायश्चित्त घेतलंय."

"कधी? नदीवर कुणी पाहिलं नाही ते?"

"मानसिक प्रायश्चित्त. मनातल्या मनात. शास्त्रात त्याला आधार आहे."

"अस्सं. मग आमच्या जावयानेही तो चहा मनातल्या मनातच प्यायला असं समजा, आणि सोडून द्या."

बुवा हसले. लहान मुलीकडे पाहून हसावं तसं. "मथुराबाई, हे राजकारण आहे. उद्या दरबारात आपला शब्द टाकायला असा माणूस हवा. त्यांना दुखावलं तर आपलं ऐकणार कोण? वैद्यांचं काय, त्यांच्यामागे कोण आहे?"

"त्यांच्यामागे माझी मुलगी आहे."

"धर्म मोठा आहे, बाई."

"मोठा आहे ना? मग मोठ्यांनाच का सोडतो?"

"पंगत खोळंबलीय," बुवा म्हणाले, आणि तुपाची तांबली घेऊन आत गेले.

मथुराबाईंनी पदराला हात पुसले. सोवळ्याचं लुगडं तसंच नेसलेलं, पोटात सकाळपासून अन्न नाही, अशा त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. कढईत पुऱ्या होत्या. त्या कुणीतरी काढल्या असतील.

राग आला होता का त्यांना? राग तर त्यांना रोजच येई, कढीत मीठ जास्त झालं तरी. हे काही वेगळं होतं. बुवा जे सांगत होते ते सगळं खरं होतं, अजूनही खरं होतं. झुंबरं खरी, गंजलेली तलवार खरी. आणि ते खरं सांगणारा माणूस मात्र त्यातलं अक्षरही मानत नव्हता. या माणसाच्या शब्दावर आपण पोटच्या पोरीच्या दारावरून वाजतगाजत पुढे गेलो.

ओसरीवर अनंतशास्त्री खलात काहीतरी कुटत होते. उठून उभे राहिले.

"यावं. ही आमची ओसरी आहे, पायऱ्या चढण्याआधी विचार करावा."

"झाला करून," मथुराबाई म्हणाल्या, आणि चढल्या. "चिमाला न्यायला आलेय. बाळंतपणाला."

चिमा आतून आली. चौकटीला हात लावून उभी राहिली. पाय सुजले होते.

"ग्रामण्य उठलं?"

"नाही."

"मग?"

मथुराबाईंनी आप्पासाहेबांची हकीकत सांगितली. तुपाची, चांदीच्या ताटाची, मनातल्या प्रायश्चित्ताची. अनंतशास्त्री मोठ्याने हसले. चिमा हसली नाही.

"म्हणजे आप्पासाहेब पंक्तीला बसले नसते, तर तू आली नसतीस."

मथुराबाईंनी सोवळ्याच्या लुगड्याचा पदर सारखा केला.

"आज सकाळपर्यंत आम्ही बाटलेलेच होतो ना गं तुझ्या लेखी? बुवांवर रुसलीस म्हणून माझं घर आठवलं."

"चहा प्यायला ते चुकलंच," मथुराबाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "मी आजही चुकलंच म्हणेन. पण ते चूक असेल तर सगळ्यांना चूक. नाहीतर कुणालाच नाही."

"बस तू," चिमा म्हणाली. "आत नको येऊस. मला विचार करू दे."

मथुराबाई ओसरीवर बसल्या. यजमान बोलवायला आले, त्यांना परत पाठवलं. दिवेलागणीला मुंजीनिमित्त कीर्तन उभं राहिलं. देऊळ पलीकडेच, प्रत्येक शब्द ओसरीवर येत होता.

बुवांना कळलेलं होतं, बाई कुठे जाऊन बसली ते. उत्तररंग त्यांनी लवकरच धरला. लेकीच्या मायेपायी धर्म सोडणाऱ्या एका थोर घरच्या बाईची कथा. "आणि ऐका हो सज्जन! जावई चहा प्यायला हे आम्हांला कळवलं कुणी? त्याच बाईने! स्वतःच्या हाताने दूध देत देत सांगितलं! आधी चहाडी, आता माया. अशा जिभेला काय म्हणावं?"

झांज थांबली. मंडप हसला.

मथुराबाईंनी डोळे मिटून घेतले. आजवर त्या हसण्यात आपलाही आवाज असे. ज्यांची नावं न घेता बुवा बोलत, ते लोक घरी जाऊन काय करत असतील हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

मागे दार करकरलं. चिमा उभी होती.

"आई. तू सांगितलंस?"

"हो."

"मी तुला गंमत म्हणून सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"मला वाटत होतं, पालखीच्या भोयांनी सांगितलं असेल. मी त्यांना शिव्या घालत होते इतके दिवस."

मथुराबाईंना पुष्कळ बोलता आलं असतं. बुवांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, दोन शब्द समजुतीचे सांगा एवढंच मी म्हटलं होतं. पण बुवांनी शब्द मोडला म्हणून आपण स्वतः चिमाचा विश्वास मोडला, हे काही लहान होत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या तोंडून ऐकलेलं माझ्या तोंडून गेलं. बाकी काही सांगण्यासारखं नाही."

चिमा रडली नाही. आईवरच गेली होती.

"मी माहेरी येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "बाळंतपण इथेच होईल. ह्यांच्या ओळखीची सुईण आहे, ती येईल. त्या खोलीत तू मला नकोस."

"बरं."

"पण मला आता नदीवरून पाणी आणवत नाही." तिने आतून घागर आणून उंबऱ्याबाहेर ठेवली. "भरून इथेच ठेवायची. आत आणायची नाही."

अनंतशास्त्री काही बोलायला गेले, "अगं, त्यांचं वय..." चिमाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मथुराबाईंनी घागर उचलली. लग्न झाल्यापासून त्यांनी रस्त्याने पाणी आणलं नव्हतं. घरी पाणक्या होता. बाहेर कीर्तन सुटून माणसं देवळातून ओसंडत होती.

"आता नको जाऊस," चिमा म्हणाली. "सगळे बाहेर आहेत. पहाटे जा, कुणी नसतं."

"पहाटे कशाला?" मथुराबाई म्हणाल्या, आणि घागर कमरेवर घेऊन पायऱ्या उतरल्या. "तुझ्या दारावरून गेले ते सगळ्यांदेखत गेले होते."